कधीच देऊन टाकता न येणाऱ्या वस्तू: फोटो, पत्रं, कॅसेट, घड्याळ, पेन, स्वेटर टिकवायचे कसे?

ऐवज

एका पेटीत ठेवलेल्या वस्तू आहेत. विकायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत, टाकायचा तर प्रश्नच नाही. पुढच्या पिढीच्या हातात त्या धड अवस्थेत जाव्यात, एवढंच हवं आहे. यादी आणि आजची अवस्था अशी:

१. चिकट पानांच्या अल्बममधले साधारण १५० फोटो, काही कृष्णधवल, बरेचसे रंगीत. पानं पिवळी पडली आहेत, फोटो पानाला घट्ट बसलेत.
२. शाईपेनाने लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा. काहींना गंजलेल्या टाचण्या, एकाला सेलोटेप. त्यातच सोनोग्राफीचा एक प्रिंट, जरा फिका झालेला.
३. ६० मिनिटांची कॅसेट. जे माणूस आता नाही त्याचा आवाज फक्त हिच्यात आहे. पंधराएक वर्षं वाजवलेली नाही.
४. चावीचं मनगटी घड्याळ. चावी दिली की थोडा वेळ चालतं आणि थांबतं.
५. शाईपेन, आत शाई वाळून बसलेली.
६. हाताने विणलेला बाळाचा लोकरीचा स्वेटर. बाहीला एक बारीक भोक पडलंय.

सुरुवात कुठून करू? पत्रं आणि सोनोग्राफीचा प्रिंट लॅमिनेट करून घेतले तर चालेल का? पेटीत डांबरगोळ्या टाकू का? घरी काय करता येईल आणि कशाला हात लावू नये, हेही सांगा.

पानगळ

आधी लॅमिनेशनचा विचार डोक्यातून काढून टाका. सोनोग्राफीच्या बाबतीत तर तो घातच ठरेल. तो प्रिंट थर्मल कागदावर असतो, म्हणजे त्यावर शाई नसतेच. कागदाचा थर उष्णतेने काळा होतो आणि त्यातून चित्र उमटतं. लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेला की अख्खा कागद काळा होऊन बाहेर येतो, आणि त्यावर कोणताही इलाज नाही.

म्हणून कामाचा क्रम वस्तू किती जुनी आहे यावर ठरवू नका, कोणती सगळ्यात लवकर नाहीशी होतेय यावर ठरवा. पहिला तो सोनोग्राफीचा प्रिंट, आजच. दुसरी कॅसेट. तिसरे रंगीत फोटो, कारण त्यांचे रंग अंधारातसुद्धा हळूहळू उडतात. कृष्णधवल फोटो, पत्रं, घड्याळ आणि पेन थोडं थांबू शकतात. स्वेटरला कसर लागली असेल तर तो मात्र आजच बाकीच्या वस्तूंपासून वेगळा काढा.

सोनोग्राफीचा प्रिंट ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), रंगीत मोडमध्ये स्कॅन करा. कृष्णधवल दिसत असला तरी रंगीतच, म्हणजे फिकेपणा नंतर दुरुस्त करायला जास्त माहिती हाती राहते. मूळ प्रिंट साध्या कागदी पाकिटात, अंधारात आणि गारव्याला ठेवा. पीव्हीसीच्या प्लास्टिक खिशात ठेवू नका. त्या प्लास्टिकमधून झिरपणाऱ्या मऊ करणाऱ्या रसायनांनी थर्मल कागद आणखी लवकर फिका पडतो. चिकटपट्टीने आणि हाताला लावलेल्या क्रीमनेही तसंच होतं.

आता अल्बम. या अल्बमच्या पानावर डिंकाचे पट्टे असतात आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा. डिंक वर्षानुवर्षं घट्ट होत जातो, आणि पिवळेपणा येतो तो डिंकामुळे आणि हलक्या पुठ्ठ्यामुळे. काम असं करा:

आधी प्रत्येक पानाचा, फोटो न काढता, जसं आहे तसं पूर्ण स्कॅन किंवा छायाचित्र घ्या. कोणता फोटो कोणाशेजारी लावला होता आणि खाली काय लिहिलं होतं, हीसुद्धा माहिती असते आणि ती फोटो निघाल्याबरोबर जाते.

मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस घ्या, हातभर तुकडा पुरतो. फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून आरीसारखा मागेपुढे करत न्या. दोरा पानाला चिकटून चालला पाहिजे, फोटोकडे ओढला जाता कामा नये. आणखी एक गोष्ट बहुतेक जण चुकतात: फोटो उचलायचा नाही, पान वाकवायचं. फोटो वाकला की वरच्या जिलेटिनच्या थराला बारीक तडे जातात आणि ते कायमचे राहतात.

तरीही हलत नसेल तर हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून पानाच्या मागच्या बाजूने, वीतभर अंतरावरून, २०–३० सेकंद फिरवा आणि लगेच दोरा चालवा. जास्त तापवलं तर फोटो वळतो. पाणी, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही लावू नका. एवढं करूनही न निघालेला फोटो पानासकट कापून घ्या. मागे पुठ्ठ्याचा तुकडा राहिलेला फोटो हा फाटलेल्या फोटोपेक्षा केव्हाही चांगला.

निघालेला प्रत्येक फोटो स्वतंत्र पाकिटात ठेवा, कारण मागचा डिंक दुसऱ्या फोटोच्या तोंडाला चिकटतो. पाकीट कागदाचं असेल तर आम्लमुक्त आणि लिग्निनविरहित (लिग्निन म्हणजे कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक), प्लास्टिकचं असेल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. पीव्हीसी नको. त्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो, त्यावरून ओळखता येतं. विकत घेताना ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’, म्हणजे पाकिटामुळे फोटो खराब होतो का हे पाहणारी आयएसओ १८९१६ ही चाचणी उत्तीर्ण असल्याचा उल्लेख पाहा. नुसतं ‘फोटो सेफ’ असं छापण्यावर काही बंधन नाही.

पत्रांचं थोडक्यात. घड्या उलगडून सपाट ठेवा. कागद घडीवरच फाटतो. टाचणी ओढून काढू नका, गंजाने ती कागदाला धरून बसलेली असते. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, मग टाचणी त्या पट्टीवरून हळूहळू मागे घ्या. सेलोटेप आहे तशी राहू द्या. ती सोलताना कागदाचे तंतू आणि त्यांच्याबरोबर अक्षरं निघतात. तिचा डिंक सुटून चिकचिकीत झाला असेल तरच कागदसंवर्धनाचं काम करणाऱ्याकडे द्या. पत्राला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. शाईपेनाची बहुतेक शाई पाण्यात फुटते. जुनी तपकिरी झालेली काळी शाई लोहयुक्त असू शकते, ओल लागली की ती कागद खायला लागते. भिंतीवर लावायचं असेल तर पत्राची रंगीत प्रत लावा, मूळ पत्र नाही.

लॅमिनेशनऐवजी पॉलिएस्टरचा खिसा वापरा, एक-दोन बाजू उघड्या असलेला. हाताळताना संरक्षण मिळतं आणि कागद हवा तेव्हा बाहेर काढता येतो. कोळशाने किंवा खडूने काढलेलं चित्र मात्र यात ठेवू नका, प्लास्टिकची स्थिर वीज ती भुकटी उचलते.

फीतकाटा

कॅसेटबद्दल लिहितो. आवाज एकाच ठिकाणी आहे म्हणता, तर ती हातात येईल त्या टेपरेकॉर्डरमध्ये टाकून ‘चालतेय का बघू’ असं कृपया करू नका. मोडका रेकॉर्डर पहिल्या मिनिटात फीत गिळतो.

पहिली गोष्ट, मागच्या कडेवरचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे दात मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

दुसरी, कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टॉर्च टाकून फितीच्या गुंडाळीकडे बघा. कडेवर पांढरट-करडी भुकटी किंवा धाग्यांसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वाजवू नका, गुंडाळूही नका. दुसऱ्या वस्तूंपासून लांब ठेवून जाणकाराकडे द्या.

तिसरी, खालच्या मधल्या फटीत नमद्याचा इवलासा चौकोन दिसायला हवा, तांब्याच्या पातळ पट्टीवर बसवलेला. तो फीत हेडवर, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याचा डिंक वाळून तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो, मधूनच जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की रेकॉर्डिंगच गेलं. गेलेलं नसतं. अशा वेळी फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालतात. पाच स्क्रूंची एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घ्या, आपली कॅसेट सपाट टेबलावर आडवी ठेवून वरचं झाकण उचला, आधी फोटो काढा, मग दोन्ही चक्रं फितीसकट एकत्र उचलून नव्या कवचात ठेवा. कोपऱ्यांतल्या दोन्ही बारीक रोलरच्या बाहेरून फीत गेली पाहिजे. कवच स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेलं असेल तर ते शिवणीवर फोडावं लागतं. हाताला सवय नसेल तर हे दुसऱ्याकडून करून घ्या.

नंतर षटकोनी पेन्सिल चक्रात घालून दोन्ही दिशांना दोन-तीन वेढे फिरवून बघा. अडखळत असेल तर जोर करू नका. मोकळी फिरत असेल तर चांगल्या डेकवर (कॅसेट वाजवण्याच्या यंत्रावर) एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत बसलेली फीत त्यामुळे सुटी होते आणि समान ताणाने गुंडाळली जाते.

डेकची तयारी: हेड ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडीवर तपकिरी येणं थांबेपर्यंत. रबरी रोलर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. वारंवार अल्कोहोल लावल्याने रबर कडक होऊ शकतं. पाच-दहा मिनिटं वाळू द्या. आणि आधी दुसरी, गेली तरी चालेल अशी कॅसेट पूर्ण वाजवून बघा.

हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरकेपणा बदलतो. ज्या यंत्रावर मूळ रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल तर तुमच्या डेकवर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. फीत चालू ठेवून तो स्क्रू अगदी थोडा, पाव वेढ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा. ‘स’ आणि ‘श’ ज्या जागी सगळ्यात स्वच्छ ऐकू येतात तिथे थांबा. सगळी साधनं एकीकडे आणि हे एक काम एकीकडे, एवढा फरक याने पडतो.

संगणकाला जोडताना डेकचं लाइन-आउट यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात घेणाऱ्या छोट्या डब्याच्या) लाइन-इनला जोडा. लॅपटॉपला एकच भोक असेल तर ते मायक्रोफोनचं असतं, तिथे आवाज फाटतो. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल) असं करा. एका तासाची स्टिरिओ फाइल साधारण १ जीबी होते. डेकवर डॉल्बी, म्हणजे सरसर कमी करण्याची सोय, असेल आणि तिचा उल्लेख कॅसेटवर नसेल तर ती बंद ठेवा. डेकऐवजी स्वस्त, खिशात मावणारे ‘कॅसेट टू एमपी३’ डबे घेऊ नका. त्यांचा वेग स्थिर राहत नाही आणि माणसाचा आवाज थरथरतो.

सरसर काढायची असेल तर ती प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि प्रतीवरही फार साफसफाई करू नका. बोलण्याआधीचा श्वास, खोकला, मागे कुणीतरी ओढलेल्या खुर्चीचा आवाज, हे सगळं सॉफ्टवेअरला कचरा वाटतं. माणूस बराचसा त्यातच असतो.

टिकटिक

घड्याळाला आजपासून चावी देणं थांबवा. थोडं चालून थांबणं याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. अशा अवस्थेत चालवलं तर चाकांच्या सुईएवढ्या टोकांवर धातू घासतो, ती धूळ वाळलेल्या तेलात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. बंद पडलेलं घड्याळ झिजत नाही, कोरडं चालणारं झिजतं.

‘जास्त चावी दिली म्हणून बिघडलं’ असं पुष्कळदा म्हणतात. पूर्ण चावी भरलेली असून चालत नसेल तर दोष बहुतेक वेळा चावीचा नसतो, घाणीचा असतो.

दुरुस्तीला देताना नेमकं काय करणार ते विचारा. सर्व्हिसिंग म्हणजे सगळी चाकं सुटी करून, धुऊन, ठरलेल्या जागी ठरलेलं तेल देऊन पुन्हा जोडणं आणि टायमिंग यंत्रावर तपासणं. मागचं झाकण उघडून तेलाचा थेंब टाकणं किंवा न खोलता अख्खं यंत्र रसायनात बुडवणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. थेंब टाकलेलं घड्याळ काही महिने चालतं आणि पुन्हा बसतं, तोवर झीज झालेली असते.

देण्याआधी डायल, मागचं झाकण आणि शक्य असेल तर आतल्या यंत्राचे फोटो घ्या. आणि हे लेखी सांगा: केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश करायचं नाही, डायल पुन्हा रंगवायचा नाही, काटे आणि मुकुट (चावी द्यायचं बटण) विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. पॉलिशने वर्षानुवर्षांचे ओरखडे जातात आणि त्यांच्याबरोबर कडाही गोल होतात. ते ओरखडे ज्याच्या हातावर पडले त्याच्यासाठीच घड्याळ जपलंय ना?

परत आल्यावर तपासणी अशी. पूर्ण चावी द्या, हाताला अडथळा जाणवला की थांबा. साध्या चावीच्या घड्याळाने साधारण ३६ तास चालायला हवं. जुन्या घड्याळात दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर तक्रार करण्यासारखं काही नाही. अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर केसासारखी स्प्रिंग चुंबकाने चिकटत असण्याची शक्यता मोठी. ते चुंबकत्व काही सेकंदांत घालवता येतं. स्पीकर, मोबाइलची चुंबकी कव्हरं, पर्सची चुंबकी बटणं यांच्यापासून लांब ठेवा. चावी देताना घड्याळ मनगटावरून काढा, मनगटावर असताना मुकुटाचा दांडा तिरका दाबला जातो.

एक सावधगिरी. काटे आणि आकडे अंधारात चमकण्यासाठी १९६० च्या दशकापर्यंत रेडियम वापरत असत. चमक गेली तरी रेडियम तसंच राहतं. आकड्यांवर तपकिरी-पिवळा जाड रंग असेल तर घरी काच उघडू नका, खरवडू तर अजिबात नका. काचेआड असलं की धोका कमी. बंद ठिकाणी श्वासाजवळ, उशीखाली मात्र ठेवू नका.

चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेवा. तो घाम धरतो, आणि पितळी बकलावर हिरवं येतं ते चामड्यामुळेच.

निबवेडा

शाईपेन. नळाचं साधं पाणी, गरम नाही. आधी पेन कशाचं आहे ते ओळखा, कारण चूक इथेच होते. एबोनाइट, म्हणजे कडक रबर, पाण्यात आणि उजेडात राहिलं की काळ्याचं हिरवट-तपकिरी होतं आणि परत काळं होत नाही. अंगठ्याने जोरात घासल्यावर जळक्या रबराचा वास आला तर एबोनाइट समजा. अशा पेनचं फक्त निबेचं टोक पाण्याला टेकवा, तेही थोडा वेळ आणि अंधारात. साध्या प्लास्टिकच्या पेनचा निबेकडचा भाग रात्रभर बुडवून ठेवला तरी चालतो. सकाळी पाणी भरा, सोडा, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ येईपर्यंत वीस-तीस वेळा करावं लागेल.

त्यानेही शाई हलली नाही तर दहा भाग पाणी, एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचा एकच थेंब. काही मिनिटं ठेवून साध्या पाण्याने खूप वेळा धुवा. अल्कोहोल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर कधीही नाही, पेन विरघळतं किंवा तडकतं. जुन्या पेनमध्ये रबरी पिशवी असेल आणि हलवल्यावर आत खुळखुळ वाजत असेल तर पिशवी कडक होऊन फुटली आहे. ती बदलता येते, लाखेने चिकटवतात. टोपण किंवा जोड अडकला असेल तर पक्कड लावू नका आणि गरमही करू नका. जुनी सेल्युलॉइडची पेनं झटकन पेट घेतात.

निब बदलू नका. निबेचं टोक लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनाप्रमाणे घासत जातं. भिंगाखाली बघितलं तर एका बाजूला तिरका सपाट भाग दिसतो. पेन त्याच कोनात धरलं की कागदावर सुरळीत चालतं, दुसऱ्या कोनात खरखरतं. त्या माणसाने पेन कसं धरलं होतं याची एवढी अचूक नोंद दुसरीकडे कुठेच मिळायची नाही. धुतलेलं पेन रिकामं, कोरडं, निब वर करून ठेवा.

ऐवज

सगळ्यांचे मनापासून आभार. सोनोग्राफीचा प्रिंट स्कॅन झाला, घड्याळ बाजूला ठेवलं. आणखी तीन प्रश्न. एक फोटो फ्रेमच्या काचेला आतून चिकटलाय, तो कसा सोडवू? स्वेटरचं काय करू? आणि एका जुन्या मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट्स आहेत, त्याही याच पेटीतल्या समजा.

पानगळ

काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका. दमटपणाने जिलेटिन मऊ होऊन काचेला धरलंय, ओढलं की चित्र काचेवरच राहील. काचेसकट त्याची प्रत काढा. स्कॅनर सीसीडी प्रकारचा हवा. पातळ, हलके स्कॅनर सीआयएस प्रकारचे असतात, ते काचेला अगदी टेकलेलंच स्पष्ट टिपतात, त्यामुळे मध्ये फ्रेमच्या काचेची जाडी आली की चित्र धूसर होतं. तसा स्कॅनर नसेल तर कॅमेरा फोटोला अगदी समांतर धरा आणि दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांवर ठेवा, म्हणजे काचेवर चमक येणार नाही. मूळ फोटो काचेसकट सपाट ठेवून द्या. पुढे कोणताही फोटो फ्रेम कराल तेव्हा फोटो आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा.

सुईदोरा

भोक कसरीचं आहे की धागा तुटून पडलंय ते आधी बघा. शिवणींत, काखेत, कॉलरच्या घडीत पांढरट रेशमी जाळी किंवा वाळूसारखे कण दिसले तर कसर. पतंग काही खात नाही, खाते ती अळी, आणि तिला घाम-दुधाचे डाग असलेली लोकर जास्त आवडते.

स्वेटर घराबाहेर झटकून मऊ ब्रशने शिवणी झाडा. मग एकात एक अशा दोन झिप पिशव्यांत घालून हवा दाबून काढा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर दव थंड लोकरीवर पडतं. फोटो, कॅसेट, घड्याळ यांच्यावर हा प्रयोग करू नका.

नंतर धुवायचं का, हे तुम्ही ठरवा. न धुता ठेवलं तर जुने डाग पिवळे पडत जातात आणि कसर पुन्हा येते. पण कुणाला त्या स्वेटरचा वासच जपायचा असतो, आणि तो पहिल्या धुण्यात जातो. धुणार असाल तर ३० अंशांच्या आतलं पाणी, लोकरीसाठीचा सौम्य द्रवसाबण, चोळणं-पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. ओला स्वेटर टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो.

भोकाच्या कडेचे सुटे टाके आधी दोऱ्यात ओवून घ्या, नाहीतर उसवत जातील. रफू त्याच जाडीच्या लोकरीने करा. शिवणाचा नायलॉन दोरा जुन्या लोकरीला कापतो.

डांबरगोळ्या नकोत, त्यातही बाळाच्या कपड्यांत तर नकोतच. नॅफ्थलीनची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, म्हणजे बटणं आणि कॅसेटचा डबा दोन्ही गेले. शिवाय जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकतं. पुढे एखाद्या बाळाला तो स्वेटर घालण्याची इच्छा होईलच, म्हणून मुद्दाम सांगतेय.

फीतकाटा

व्हॉइस नोट्स: फोन अँड्रॉइड असेल तर तो चालू होतोय तोवरच संगणकाला जोडून ‘व्हॉइस नोट्स’ नावाचा अख्खा फोल्डर उतरवून घ्या. फाइली ओपस प्रकारच्या असतात. त्या मूळ रूपात ठेवाच, शिवाय डब्ल्यूएव्हीमध्ये एक प्रत करा. फायलींच्या नावांत तारीख असते पण माणसाचं नाव नसतं, त्यामुळे कोणाचा आवाज ते आत्ताच लिहून ठेवा. फोनची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, आधी ती बदलून घ्या.

टिकटिक

पेटीत एखादं बॅटरीवरचं घड्याळही निघालं तर संपलेला सेल आजच काढा. तो गळला की आतली तांब्याची तार आणि सर्किट खातो.

मोजपट्टी

पेटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लाकडाची, प्लायवूडची पेटी दिसायला छान असली तरी लाकडातून आम्लाची वाफ निघत राहते. तीच वापरायची असेल तर आतून पॉलिएस्टर फिल्मचं अस्तर लावा आणि कागद आम्लमुक्त खोक्यात घालून मगच पेटीत ठेवा.

आर्द्रता ४० ते ५५ टक्के बरी, ६५ च्या वर गेली की बुरशीला वाट मोकळी. छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, पेटीत ठेवा, पण आधी तो तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८० दाखवला तर तुमचा हायग्रोमीटर ५ ने जास्त सांगतो, एवढं लक्षात ठेवून वाचा. ओल शोषणारं सिलिका जेल नारिंगीवरून हिरवं होणारं घ्या. निळ्यातलं कोबाल्ट क्लोराइड विषारी असतं. रंग बदलला की पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला भट्टीत वाळवा. न वाळवलेलं ओलं जेल ठेवून काही उपयोग नाही.

पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, माळ्यावरही नको. पत्रांना रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने फोटो आणि चांदी दोन्ही काळवंडतात. लोकरीतही गंधक असतं, म्हणून चांदीची वस्तू आणि स्वेटर शेजारी ठेवू नका.

स्कॅनिंगचे आकडे. ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर २४०० × ३६०० पिक्सेल होतो, टिफ (न दाबलेली चित्रफाइल) साधारण २६ एमबी. १५० फोटोंना ४ जीबी पुरतात, म्हणजे जागा वाचवायला जेपेग करण्याची गरज नाही. निगेटिव्ह असतील तर त्या जास्त मोलाच्या, ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह किमान २४०० डीपीआयवर घ्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवून निर्धास्त होऊ नका. वर्षातून एक दिवस ठरवून फाइली उघडून पाहा.

फोटोच्या मागे लिहायचं तर फोटो कडक पृष्ठभागावर पालथा ठेवून कडेला २बी पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. गुळगुळीत प्लास्टिकच्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा, आणि फोटो आत घालायच्या आधी लिहा.

प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड ठेवा: वस्तू काय, कोणाची, केव्हापासून, फोटोत डावीकडून उजवीकडे कोण कोण, कोणती माहिती पक्की आणि कोणती ऐकीव. ‘आजीचं पेन’ असं लिहू नका, पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याची आजी वेगळी असेल. पूर्ण नाव लिहा.

ऐवज

कार्डांचं सुचलंच नव्हतं. आज संध्याकाळी तेवढंच काम करतो, नावं सांगू शकणारं माणूस घरात आहे तोवर. स्वेटर फ्रीझरमध्ये गेला. कॅसेटचा नमदा जागेवर आहे, बुरशी दिसत नाही, दोन्ही दात मोडले. डेक मिळाला की आधी दुसऱ्या कॅसेटवर तपासेन आणि इथेच कळवेन.